खांबावर ३८० व्होल्ट, विहिरीवर ३२०: पंपाची मोटार वारंवार का जळते आणि मीटर नेमके काय मोजते

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मी असा घेतो. डीपीजवळच्या (वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या) खांबावर मीटर आहे, तेथून शेतातून सुमारे ६०० मीटर केबल गेली आहे, ती तांब्याची, तीन कोअरची (आत तीन तारा असलेली), अडीच चौरस मिलिमीटरची आहे आणि तिच्या टोकाला विहिरीत ५ एचपीची सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी) मोटार आहे. मोटार बंद असताना विहिरीवरच्या स्टार्टर पॅनेलवर ३८० व्होल्ट दिसतात, चालू केल्यावर ३२० होतात, सुरू करताना स्टार्टर खटखटतो आणि दोन वर्षांत मोटार तीनदा रिवाइंड करावी (आतले वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, नव्याने भरावी) लागली आहे. मिस्त्री साडेसात एचपीची मोटार टाकायला सांगतो, शेजारी मोठा कपॅसिटर लावायला सांगतात, आणि व्होल्टेज कमी असूनही युनिट जास्त पडतात म्हणजे मीटरच पळत असावे, अशी तुम्हाला शंका आहे.

माझे मत असे की मोटारीत दोष नाही, मीटरमध्येही बहुधा नाही. दोष या दोहोंच्या मधल्या सहाशे मीटरमध्ये आहे, आणि त्याचा थोडा भाग खांबाच्या पलीकडे, डीपीकडे आहे. मात्र पुढे दिलेले आकडे ढोबळ आहेत. पंप किती उंचीवर पाणी फेकतो, केबलला किती ठिकाणी जोड आहेत, खांबावरचे व्होल्टेज वीजपुरवठ्याच्या पाळीत कोणत्या वेळी किती असते, यावर ते दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होतील. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी मोजमाप करणे भाग आहे.

मोजमापासाठी लागणारी बहुतेक साधने तुमच्याकडे आधीच आहेत. थ्री फेजच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर बटण दाबत गेले की युनिटखेरीज प्रत्येक फेजचे व्होल्टेज, करंट आणि पॉवर फॅक्टरही (घेतलेल्या करंटपैकी किती भाग प्रत्यक्ष कामी येतो ते) दिसतो. म्हणजे मीटर हाच तुमचा खांबाकडचा व्होल्टमीटर आहे. मात्र त्यावर फेज आणि न्यूट्रल यांच्यातले व्होल्टेज दिसत असेल तर त्याला १.७३ ने गुणावे लागते, म्हणजे २२० दिसले तर दोन फेजमध्ये ३८० आहेत असे समजावे. आता एक माणूस मीटरपाशी आणि एक विहिरीवर उभा करा, फोनवर बोलत राहा आणि मोटार चालू असताना एकाच वेळी दोन्हीकडचे आकडे लिहून घ्या. पॅनेलवरच्या व्होल्टमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, वायरमनकडून एकदा चांगल्या मल्टीमीटरने तो पडताळून घ्या. मोटार बंद असताना केबलमधून करंट जात नाही, म्हणून तेव्हा विहिरीवर दिसणारे ३८० हे खांबावरचेच व्होल्टेज असते. ते चांगले दिसले म्हणून केबल चांगली, असा निष्कर्ष अनेक जण काढतात आणि तेथेच फसतात. केबलची परीक्षा ती करंट वाहत असतानाच होते.

आता हिशेब पाहू. ५ एचपी म्हणजे शाफ्टवर सुमारे ३.७ किलोवॉट. मोटारीची कार्यक्षमता ८३ टक्के धरली तर तिला विजेच्या रूपात ४.५ किलोवॉट द्यावे लागतात. उरलेले पाऊण किलोवॉट वाइंडिंग, लोखंड आणि बेअरिंग यांत उष्णता होऊन जातात. विजेचे यांत्रिक शक्तीत रूपांतर करण्याची ही किंमत आहे आणि ती कोणालाच चुकत नाही. पॉवर फॅक्टर ०.८२ धरल्यास ४१५ व्होल्टवर ही मोटार सुमारे ७.६ अँपिअर घेते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो, म्हणजे तुमच्या प्रत्येक कोअरचा साधारण ४.४५ ओहम. पूर्ण ४१५ व्होल्ट मिळाले असते तरी या केबलने वाटेतच ४८ व्होल्ट खाल्ले असते. तुमच्याकडे सुरुवातच ३८० ने होते. टोकाला व्होल्टेज कमी पडले की मोटार तेवढेच काम करण्यासाठी जास्त करंट ओढते, त्या करंटमुळे केबलमधली घट आणखी वाढते, आणि ही ओढाताण शेवटी ३१७-३२० व्होल्ट व १० अँपिअरच्या आसपास स्थिरावते. तुम्ही लिहिलेला आकडा नेमका हाच आहे, आणि म्हणूनच मी इतक्या खात्रीने बोलतो आहे.

दहा अँपिअरला या केबलमध्ये किती वीज जळते? करंटचा वर्ग गुणिले रोध गुणिले तीन कोअर, म्हणजे सुमारे १३०० वॉट. पंपाला साडेचार किलोवॉट आणि जमिनीला सव्वा-दीड किलोवॉट, अशी ही वाटणी आहे. केबल सहाशे मीटरभर पसरलेली असल्याने हाताला कोठेच चटका बसत नाही, म्हणून हे नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही. बारीक पाइपातून लांबवर पाणी न्यायचे असले की सगळा दाब घर्षणातच संपतो, तसाच हा प्रकार आहे.

‘व्होल्टेज कमी म्हणजे मोटारीला त्रास कमी’ हा समज जुन्या, तापणाऱ्या तारेच्या बल्बच्या बाबतीत चालतो, मोटारीच्या बाबतीत उलटा पडतो. बल्ब कमी व्होल्टेजवर मंद जळतो आणि कमी वीज घेतो. पंपाला मात्र तेच पाणी तेवढ्याच उंचीवर फेकायचे असते, त्यामुळे व्होल्टेजमधली तूट मोटार करंटने भरून काढते. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ७.६ च्या जागी १० अँपिअर झाले की ती सुमारे पावणेदोनपट होते. इन्सुलेशनच्या बाबतीत आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. सबमर्सिबल मोटारीच्या वाइंडिंगच्या तारेवर प्लास्टिकचे आवरण असते, ते अति उष्णतेने मऊ पडते आणि मग कोठेतरी दोन वेढे एकमेकांना भिडतात. तीनदा रिवाइंडिंग झाले यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

येथे मिस्त्रीला एक गोष्ट विचारा: मोटार उघडली तेव्हा वाइंडिंग कसे दिसत होते? रिवाइंडिंगच्या टेबलावर जळालेली मोटार आली की मी आधी तिच्या कॉइल नीट पाहतो, कारण जळण्याची पद्धतच कारण सांगते. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच करपलेल्या किंवा वितळलेल्या असतील तर बराच काळ जास्त करंट गेला, म्हणजे कमी व्होल्टेज किंवा पंप अडकणे. वाइंडिंगची जोडणी स्टार (तिन्ही फेजच्या कॉइलचे एकेक टोक एकत्र जोडलेले) असेल आणि दोन फेज करपून तिसरा कोरा राहिला असेल, किंवा डेल्टा (टोकाला टोक जोडून त्रिकोण केलेला) असेल आणि एकच फेज जळून बाकीचे दोन कोरे राहिले असतील, तर एक फेज गेला असताना मोटार चालत राहिली, म्हणजे सिंगल फेजिंग. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार असावा. परंतु दुसरा निघाला तर केबल बदलूनही मोटार जळतच राहील, त्यासाठी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारा) लागेल. तो आहे पण बायपास केलेला आहे, असे चित्र शेतोशेत दिसते.

दुसरे, स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचा (ठरावीक करंटच्या वर गेल्यास मोटार बंद करणाऱ्या भागाचा) काटा कोठे आहे ते पाहा. मोटार सारखी ट्रिप होते म्हणून तो १२-१३ अँपिअरवर सरकवून ठेवलेला असतो. मग दहा अँपिअरवर मोटार तासन्‌तास भाजत राहते आणि रिले गप्प बसतो. काटा मोटारीच्या नेमप्लेटवरच्या करंटएवढाच असला पाहिजे. तसे केल्यावर मोटार चालूच राहत नसेल, तर रिले खराब नाही, तो खरे बोलतो आहे.

स्टार्टरच्या खटखटण्याचे कारणही हेच आहे. थेट सुरू होताना मोटार पाच-सहापट करंट मागते. तुमच्या केबलचा रोध मध्ये धरून हिशेब केला तर त्या क्षणी मोटारीपर्यंत २४० व्होल्टच्या आसपासच पोहोचतात. मोटारीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून तो नेहमीच्या एक-तृतीयांशच उरतो. स्टार्टरची कॉइलही त्याच व्होल्टेजवर असल्याने तिची पकड सुटते, कॉन्टॅक्ट उघडतात, व्होल्टेज वर येते, कॉइल पुन्हा ओढते, आणि हे चक्र चालू राहते. प्रत्येक खटक्याला कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि तेथील चांदीचे टोक जळते. तिन्हींपैकी एखादा कॉन्टॅक्ट पुरता खराब झाला की सिंगल फेजिंग घरातच तयार होते.

या पार्श्वभूमीवर साडेसात एचपीचा सल्ला पाहा. मोटारीबरोबर पंपही मोठा बसवला तर करंट ११ अँपिअरवर जाईल तोही ४१५ व्होल्ट मिळाले तर, आणि केबलमधली घट ७० व्होल्टवर जाईल. पंप तोच ठेवून फक्त मोटार मोठी बसवली तर तिचे वाइंडिंग जाड असल्याने ती जळायला थोडा जास्त वेळ घेईल, हे खरे आहे, पण सुरुवातीचा करंट दीडपट होईल आणि स्टार्टर आज खटखटतो तो उद्या ओढणारच नाही. शिवाय मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. मी हा खर्च करणार नाही.

कपॅसिटरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याच्याविषयी अर्धसत्ये फार आहेत. मोटारीला चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी जो रिअॅक्टिव्ह करंट लागतो, तो डीपीवरून आणण्याऐवजी जागेवर पुरवणे एवढेच कपॅसिटरचे काम आहे. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (हे रिअॅक्टिव्ह शक्तीचे एकक) कपॅसिटर लावतात. तो विहिरीवर, म्हणजे केबलच्या मोटारीकडच्या टोकाला लावला तर केबलमधला करंट दहावरून नऊच्या आसपास येतो आणि तेथे जळणारी वीज सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होते. तोच खांबाजवळ लावला तर तुमच्या केबलला त्याचा काहीही उपयोग नाही, फायदा खांबापलीकडच्या लाइनला आणि डीपीला होतो. आता महत्त्वाचा मुद्दा. बारीक केबलमधली व्होल्टेजची घट जवळजवळ सगळी रोधामुळे होते आणि ती प्रत्यक्ष काम करणाऱ्या करंटच्या भागावर अवलंबून असते. तो भाग कपॅसिटरने बदलत नाही. त्यामुळे कपॅसिटर लावून ३२० चे ३७० होणार नाहीत, दोन-चार व्होल्ट वाढले तरी पुष्कळ. आणि मोटारीच्या वाइंडिंगमधून जाणारा करंट तर तेवढाच राहतो, कारण कपॅसिटर तिच्या बाहेर आहे. कपॅसिटर जरूर लावा, योग्य जागी लावा, पण मोटार वाचवण्याचे श्रेय त्याला देऊ नका. बाजारात वीज निम्मी करणाऱ्या ज्या पेट्या मिळतात, त्यांच्या आत बहुतेक वेळा एक छोटा कपॅसिटरच असतो.

आता मीटर. मीटर व्होल्टेज मोजून बिल करत नाही आणि करंट मोजूनही करत नाही. तो प्रत्येक क्षणाचे व्होल्टेज आणि त्याच क्षणाचा करंट यांचा गुणाकार करून त्याची वेळेनुसार बेरीज करत राहतो. एक किलोवॉट एक तास चालले की एक युनिट होते. व्होल्टेज उतरले पण करंट चढला, तर गुणाकार जवळपास तेवढाच राहतो. त्यात केबलमध्ये जळणारे १.३ किलोवॉटही मीटरच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला जळतात, म्हणून ते तुमच्याच नावावर पडतात. व्होल्टेज कमी असूनही युनिट जास्त पडण्याचे कोडे एवढेच आहे.

तरी शंका राहू नये म्हणून स्वतः तपासा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींना एक युनिट, हे नेमप्लेटवर छापलेले असते. समजा तो आकडा ८०० आहे. मोटार पाच-दहा मिनिटे चालल्यावर एक मिनिटभर लुकलुकी मोजा. ७८ च्या आसपास आल्या तर ७८ गुणिले ६० भागिले ८००, म्हणजे ५.८५ किलोवॉट. आमच्या हिशेबातल्या साडेचार अधिक १.३ शी हे जुळते, म्हणजे मीटर बरोबर आहे. चांगली केबल टाकल्यावर हीच मोजणी ६६ च्या आसपास आली पाहिजे. या प्रकारच्या मीटरला साधारण एक टक्क्याची चूक मान्य असते, त्यामुळे एवढ्यातेवढ्या फरकासाठी तक्रार करू नये. दहा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली आणि पॉवर फॅक्टर, करंट सगळे तपासून झाले, तर मात्र मीटर चाचणीसाठी अर्ज करावा. २०२४ च्या एप्रिलपासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य सरकारची मोफत विजेची सवलत असल्याने आज तुम्हाला या १.३ किलोवॉटची झळ बिलात बसत नसेल. ती रिवाइंडिंगच्या खर्चात बसते आहे.

केबल कोणती घ्यावी? चार चौरस मिलिमीटरचे तांबे हा अर्धवट उपाय आहे, त्यात रोध ४० टक्क्यांनीही कमी होत नाही. मी अशा अंतरासाठी १० चौरस मिलिमीटरची, तीन कोअरची, आर्मर्ड (पोलादी तारांचे कवच असलेली), एक्सएलपीई (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) इन्सुलेशनची अॅल्युमिनियम केबल सुचवतो. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ३.१ ओहम आहे. खांबावर तेच ३८० धरले तरी विहिरीवर ३५५ मिळतील, करंट नऊच्या खाली येईल आणि केबलमधला नाश सव्वाचारशे-साडेचारशे वॉटवर उतरेल. १६ चौरस मिलिमीटर घेतल्यास विहिरीवर ३६५ मिळतील. पुढे कधी साडेसात एचपी करायचेच असेल तर आताच १६ घेणे शहाणपणाचे, अन्यथा १० पुरे. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के असते, म्हणून चौरस मिलिमीटरमधली जाडी दीडपटीहून जास्त लागते, पण त्याच रोधाला वजन निम्मेच भरते आणि खिशालाही ते परवडते. त्याचा दोष जोडांत आहे. अॅल्युमिनियम आणि तांबे नुसते पिळून जोडले तर ओलाव्याने वर्षभरात जोड कुजतो. विहिरीवर जंक्शन बॉक्स बसवा, त्यात बायमेटल लग (एका बाजूला अॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबे असलेले जोड-टोक) वापरा आणि तेथून खाली मोटारीपर्यंत तांब्याची चपटी केबल जाऊ द्या. मध्ये जोड देणे टाळता येत नसेल तर तो जमिनीत पुरू नका, खुंटीवर बॉक्समध्ये ठेवा, म्हणजे पुढे तपासता येईल.

उरला खांबाच्या पलीकडचा भाग. डीपी बिनभाराला दोन फेजमध्ये ४३३ व्होल्ट देते. पुरवठ्याची मर्यादा ४१५ च्या खाली-वर सहा टक्के आहे, म्हणजे ३९० च्या खाली जाणे ही वीज कंपनीची बाब आहे आणि त्याची लेखी तक्रार करता येते. १०० केव्हीएच्या (हे डीपीच्या क्षमतेचे एकक) डीपीवर ५ एचपीचे अठराच्या आसपास पंप बसतात. प्रत्यक्षात किती आहेत, आणि तारांवर टाकलेले चोरीचे आकडे किती आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. पाळी सुरू होताच सगळ्यांचे ऑटो स्विच (वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे) एकाच क्षणी ओढतात आणि डीपीवर काही सेकंद कित्येक पट भार येतो. शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाच्या ऑटो स्विचमध्ये अर्ध्या-एक मिनिटाचा वेगवेगळा विलंब लावून घ्या. याला पैसे लागत नाहीत आणि डीपीचा फ्यूज जाण्याचे प्रमाण लगेच घटते.

खरा मुळापासूनचा उपाय मात्र उच्चदाबाची लाइन विहिरीजवळ आणणे हा आहे. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरवरून १५०० मेगावॉट वीज ५०० किलोव्होल्टच्या डीसी लाइनने आणतात. दोन ध्रुवांच्या तारांमधून प्रत्येकी सुमारे दीड हजार अँपिअर जातात. तीच वीज तुमच्या ४१५ व्होल्टने आणायची म्हटली तर वीस लाखांहून जास्त अँपिअर न्यावे लागतील, इतकी तार कोठेच बनत नाही. व्होल्टेज वाढले की त्याच शक्तीला करंट कमी लागतो आणि नाश करंटच्या वर्गाने घटतो, हा नियम तुमच्या बांधावरही तोच आहे. तुमच्या मोटारीला ११ किलोव्होल्टच्या बाजूला जेमतेम ०.३ अँपिअर लागतात, म्हणजे त्याच तारेत नाश सुमारे सातशेपट कमी. एक-दोन पंपांना मिळून १०, १६ किंवा २५ केव्हीएची छोटी डीपी देण्याची उच्चदाब वितरण प्रणाली महाराष्ट्रात कृषिपंपांसाठी २०१८ च्या सुमारास याच कारणाने आली. तुमच्या विहिरीच्या शंभर-दोनशे मीटरवरून ११ किलोव्होल्टची लाइन जात असेल आणि शेजारचे एक-दोघे बरोबर असतील, तर उपविभागीय कार्यालयात एकत्र अर्ज करून पाहा. लाइन लांब असेल तर त्याची वाट पाहत केबलचे काम थांबवू नका.

क्रम असा ठेवा: आधी रिलेचा काटा नेमप्लेटच्या करंटवर आणा आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट तपासा, मग दोन्ही टोकांचे आकडे सकाळच्या व रात्रीच्या पाळीत घ्या, त्यानंतर केबल आणि शेवटी कपॅसिटर. डीपीच्या फ्यूजला किंवा खांबावरच्या जोडणीला स्वतः हात लावू नका, ते वायरमनचेच काम आहे. मोटार चालू असताना खांबावर ३९० किंवा त्याहून जास्त आणि विहिरीवर ३४० च्या खाली निघाले तर केबलखेरीज दुसऱ्या कशावर खर्च करू नका. दोन्हीकडचा फरक ४० व्होल्टपेक्षा कमी निघाला आणि तरी करंट दहाच्या वर असेल, तर माझा हिशेब बाजूला ठेवून पंप वर काढून बेअरिंग आणि इंपेलर (पाणी फेकणारे चाक) पाहा.